दोन वाजून अकरा मिनिटं

“कागद तुमच्या हातात केव्हा आला?” चौकशी समितीच्या अध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“आला तवाच, साहेब,” ताजुद्दीन मुलाणी म्हणाला. “घंटी वाजली, यंत्रातनं कागद भाईर आला. फाडला आन् बटण दाबलं.”

“पण कागदावर दोन वाजून अकरा मिनिटं छापलीत.”

“आसंल, साहेब.”

“आणि भोंगा वाजला दोन अडतीसला. शाळेचे हेडमास्तर तेच सांगतात, पोलीसपाटीलही तेच सांगतात. मधली सत्तावीस मिनिटं तुम्ही कुठं होता?”

“खोलीतच.”

“डोळा लागला होता?”

“न्हाई जी.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताजुद्दीन पन्नाशीचा असेल. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायात नव्या वहाणा. सुनावणीसाठीच घेतलेल्या असाव्यात, कारण एकीचा पट्टा त्याला चावत होता आणि तो सारखा पाय बदलून उभा राहत होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मी भिंतीलगतच्या खुर्चीत होते. वय सव्वीस, सोनझरी खोरे मंडळाच्या संगणक केंद्रात सिस्टिम प्रोग्रॅमर. शेजारी माझे वरिष्ठ, उपळेकर सर. पंच्याऐंशी सालच्या सप्टेंबरातली बारा तारीख होती ती.

तीन दिवसांपूर्वी, सोमवारी दुपारी, वरच्या डोंगरात ढगफुटी झाली होती. सोनझरीचं पाणी हिवरतळ्याजवळ अचानक चढलं. दोन आठवडे उघडीप होती, त्यामुळे पात्राच्या मधल्या बेटावर वाळू उपसायचं काम चालू होतं. भोंगा वाजल्यावर काठावरची माणसं पळाली. बेटावरच्यांना मधली पाण्याची खाच ओलांडून काठावर यायला वीस मिनिटं लागायची. त्यांना बारा मिळाली. तीन गडी गेले, आणि त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेलेली एक बाई.

त्या भोंग्याआधी आमचं यंत्र होतं. नदीच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी मोजणारी उपकरणं होती. ती टेलिफोनच्या तारेवरून आमच्या मेनफ्रेमला, म्हणजे केंद्रातल्या मोठ्या संगणकाला, आकडा कळवायची. आकडा धोक्याच्या खुणेपलीकडे गेला, की आमचं एक छोटं रूटीन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, जागं व्हायचं आणि हिवरतळ्याच्या खोलीतल्या टेलिप्रिंटरवर निरोप पाठवायचं. तिथं ताजुद्दीन बसलेला असायचा. ते रूटीन मी लिहिलं होतं.

अध्यक्ष आमच्याकडे वळले. “आपल्याकडून निरोप केव्हा सुटला?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “शैला?”

मी मांडीवरची नोंद पाहिली. “दोन अकराला, सर.”

“म्हणजे कागदावर आहे तेच.”

“हो.”

ताजुद्दीनने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. आपण सांगतोय ते या बाईला तरी कळत असेल, अशा आशेने माणूस बघतो, तसं त्याने पाहिलं.

त्या नजरेमुळेच मी दुपारी केंद्रात परत आल्यावर ट्रेसची टेप चढवली. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची बारीक नोंद त्या टेपवर ठेवायचं. ती कुणी सहसा वाचत नसे. मी सोमवारची दुपार छापून घेतली. सव्वाशे पानं, सगळे आकडे आणि अक्षरं. बोट ठेवून एकेक ओळ उतरत गेले.

दोन अकराला आकडा आला. त्याच क्षणी माझं रूटीन रांगेत लागलं. आणि ते चाललं दोन सदतीसला.

इथं थोडं सांगायला हवं. असं रूटीन जो प्रोग्रॅम मागवतो, तो त्याच्यासाठी थांबत नाही. तो फक्त चिठ्ठी रांगेत ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. चिठ्ठी कधी उचलायची, ते यंत्र ठरवतं. रांगा दोन असायच्या. ग्लोबल रांगेतलं काम सगळ्यांच्या आधी व्हायचं, मग यंत्रावर कितीही मोठं काम चालू असो. लोकल रांगेतल्या कामाला मात्र आपल्या प्रोग्रॅमची पाळी येईपर्यंत थांबावं लागे. मी चिठ्ठी तयार करताना तिच्यावर वेळ घालत होते. निरोपात छापली जायची ती ही वेळ. पोचण्याची नव्हे, रांगेत लागण्याची.

आणि रांग लोकल होती.

पहिल्यांदा ती ग्लोबल होती. ऑगस्टमध्ये डिझाइन विभागाचे भोकरे वर आले. त्यांचं कालव्याचं गणित तास-तास चालायचं. दर वेळी पातळीचा आकडा आला, की त्यांचं काम अडखळतं, टर्मिनल गोठतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. मी एक शब्द बदलला. ग्लोबलच्या जागी लोकल. बदलाच्या स्लिपवर सरांची सही लागायची. ते बैठकीला निघाले होते. दारातच त्यांनी विचारलं, “काय आहे?”

“रांग बदलतेय, सर. किरकोळ आहे.”

“तपासलंस?”

“हो.”

मी तपासलं होतं. रविवारी, यंत्र मोकळं असताना. मोकळ्या यंत्रात दोन्ही रांगा सारख्याच चालतात. पुराच्या सोमवारी दुपारी भोकऱ्यांचं गणित चालू होतं.

मी कागद मिटले आणि फुलस्केपवर पत्र लिहिलं. वर तारीख घातली, बारा सप्टेंबर. प्रति, अध्यक्ष, चौकशी समिती. मार्फत, श्री. ह. वि. उपळेकर. सगळं लिहिलं. शब्द बदलला मी, स्लिप भरली मी, निरोप सव्वीस मिनिटं आमच्याकडेच अडकला होता, हिवरतळ्याच्या माणसाची काही चूक नाही. सही केली. सरांच्या केबिनकडे गेले. ते फोनवर होते. काचेतून त्यांनी हाताने “दोन मिनिटं” अशी खूण केली. मी उभी राहिले. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि घरी गेले.

भीती वाटली, एवढंच. मशीनरूममध्ये काम करणारी मी पहिली मुलगी. मला घेतानाच दोघा-तिघांनी नाकं मुरडली होती. शिवाय नोकरी गेली असती तर घरात दुसरी मिळकत नव्हती. पण खरं सांगायचं तर मी घराचा विचार नंतर केला. आधी मला फक्त ते चार जण दिसत होते, आणि त्यांच्या शेजारी माझं नाव.

दुसऱ्या दिवशी देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सर कामात होते. मग रविवार आला. पुढची सुनावणी सव्वीसला होती, तोवर अवकाश आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले. पर्स उघडली, की पत्राची कड दिसायची. आतला रुमाल काढताना मी ते बाजूला सारायची. शब्द मात्र मी तेराव्या तारखेलाच परत ग्लोबल करून टाकला. ती स्लिप सरांसमोर ठेवली. “पुन्हा बदलतेस?” त्यांनी विचारलं. “भोकऱ्यांना सांगितलंय, सर,” मी म्हणाले. त्यांनी सही केली.

वीस तारखेला सकाळी सर मशीनरूममध्ये आले. यंत्राच्या घरघरीमुळे तिथं मोठ्याने बोलावं लागायचं. ते माझ्या अगदी जवळ आले.

“तो हिवरतळ्याचा माणूस गेला.”

“कुठं?” मी विचारलं. मला खरंच कळलं नाही.

“नदीत. परवा पहाटे घरातून निघाला. काल सापडला. गावात त्याला पाणीसुद्धा कुणी देत नव्हतं म्हणे. भाकरी घेऊन गेलेली बाई त्याच्याच आळीतली होती.”

मी पर्स उघडली आणि पत्र दिलं.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, दोनदा. मग म्हणाले, “ट्रेस दाखव.” मी दाखवला. त्यांनी बोट ठेवून दोन अकराची ओळ पाहिली, नंतर पानं उलटून दोन सदतीसची. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“स्लिपवर सही माझी आहे,” ते म्हणाले.

“तुम्हाला मी नीट सांगितलं नव्हतं, सर.”

“मी नीट विचारलं नव्हतं.” त्यांनी पत्राच्या वरच्या कोपऱ्यावर नजर टाकली. “तारीख बाराची आहे.”

“त्याच दिवशी लिहिलं होतं.”

“आजची घालून नवीन लिहितेस?”

ती तारीख मला सोडवेना. मी त्याच दिवशी लिहिलं होतं, एवढी एकच चांगली गोष्ट त्या सगळ्यात माझ्याकडे होती.

“असू दे ना, सर.”

“लोक विचारतील.”

“मी सांगेन.”

“बरं,” ते म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी खाली लिहिलं, ‘पुढील कार्यवाहीसाठी सादर’. सही केली आणि तारीख घातली. वीस.

सव्वीसला समितीसमोर सरांनी सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं, कुणाला काही कळणार नाही. पण समितीत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते मधेच म्हणाले, “म्हणजे तार लिहिल्याची वेळ छापली, पोचल्याची नाही.”

“अगदी बरोबर,” सर म्हणाले.

“मग तो माणूस खरं बोलत होता.”

“हो.”

अध्यक्षांनी माझं पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं.

“हे बारा तारखेचं आहे. बाईंनी सुनावणीच्याच दिवशी लिहिलंय. आपली सही वीसची आहे, उपळेकर. आठ दिवस पत्र कुठं होतं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं होतं. ते मला नक्की आठवतं. समोर पाच जण माझ्याकडे बघत होते. माझ्याविषयी त्यांचं मत चांगलं झालेलं दिसत होतं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तर कौतुकच होतं. मी टेबलाकडे बघितलं. टेबलावर हिरवं कापड होतं आणि त्याच्यावर शाईचा डाग होता. डागाकडे बघत मी किती वेळ घालवला, मला सांगता येणार नाही.

“माझ्या टेबलावर,” सर म्हणाले.

“आठ दिवस?”

“हो.”

“या आठ दिवसांत तो माणूस मेला, उपळेकर.”

“माहीत आहे मला.”

जिन्यात मी त्यांना गाठलं. “सर, मी परत आत जाते. सांगते.”

ते थांबले. फार थकलेले दिसत होते. “आता नको. आत्ता सांगितलंस तर आपण दोघंही खोटे ठरू, आणि मग मुलाणीचंही कुणी खरं धरणार नाही. त्याच्या बायकोच्या हातात आधी कागद पडू दे.”

“आणि मग?”

“मग तुझं तू बघ.”

मी त्यातला ‘आधी’ धरून ठेवला. आधी कागद पडू दे. अहवाल यायला वर्ष गेलं, मंडळाचं पत्र निघायला आणखी काही महिने. ताजुद्दीन मुलाणी निर्दोष. त्याच्या मुलाला, इकबालला, मंडळात नोकरी. मला पूर्वपरवानगीशिवाय बदल न करण्याची ताकीद, आणि त्याच कागदावर पुढे, ‘चूक लक्षात येताच तत्परतेने कळवल्याबद्दल समाधान’. सर निलंबित झाले होते. त्यांनी त्यातूनच निवृत्ती घेतली आणि साताऱ्याला भावाकडे राहायला गेले. त्यांची खुर्ची तीन वर्षांनी मला मिळाली.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत हिवरतळ्याहून निरोप आला. ताजुद्दीनची बायको, रशीदाबी, मला भेटू इच्छित होती. मी गेले. नदीपासून दोन आळ्या आत त्यांचं घर होतं. अंगण सारवलेलं. आळीतल्या पाच-सहा बायका आधीच येऊन बसल्या होत्या. दीड वर्षापूर्वी याच बायका त्या घरचं पाणी पीत नसतील. रशीदाबीने माझे दोन्ही हात धरले.

“तुम्ही व्हता म्हनून,” ती म्हणाली. “त्याच दिवशी लिव्हलं तुम्ही. साहेबलोकांत आसं कोन करतंय?”

मला बसायला सतरंजी टाकली. शेवया आणल्या. मी खाल्ल्या. वाटी रिकामी झाली, तशी तिने आणखी वाढल्या आणि त्याही मी खाल्ल्या. बायका माझ्याकडे बघत होत्या. इकबाल, वीस-एकवीस वर्षांचा, दाराशी उभा होता. मंडळाचा नवा खाकी शर्ट त्याच्या अंगात होता.

निघताना रशीदाबी वेशीपर्यंत आली. “बाई, त्यो मोठा साहेब कुठं आसतोय आता?”

“साताऱ्याला.”

“भेटला तर सांगा त्याला. माज्या मनात काय न्हाई. भ्याला आसंल त्यो. त्यालाबी लेकरंबाळं आसतील. मी माफ केलंय म्हनावं.”

मी मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात मी साताऱ्याला गेले. सर ओसरीवर रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. मी हिवरतळ्याचं सगळं सांगितलं, शेवयांचंसुद्धा. शेवटी मी म्हणाले, “रशीदाबीने तुम्हाला माफ केलंय. तसं सांगायला सांगितलं.”

“मला?”

“हो.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तू काय म्हणालीस त्यावर?”

“काही नाही.”

बराच वेळ ते रेडिओच्या तारांशी काहीतरी करत राहिले. मग मान वर न करताच बोलले, “त्या दिवशी मी तुझ्यासाठी खोटं बोललो, असं तुला वाटत असेल. तसं नव्हतं. तू बोलशील म्हणून मी थांबलो. तू बोलेनास. खोलीत कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोललो. तेवढंच.”

“सर, मी तिला जाऊन सांगते.”

“सांग. माझ्यासाठी नको. कुणाला माफ करायचं, ते त्या बाईने ठरवावं, म्हणून सांग.”

“सांगते,” मी म्हणाले.

अठ्ठ्याण्णव साली सर गेले. मी अंत्यविधीला होते. त्यांच्या भावाने मला ओळखलं आणि नमस्कार केला नाही. सरांनी घरी काय सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. एकदा मी हिवरतळ्याच्या गाडीत बसलेही होते. फाट्यावर उतरले आणि तासाभराने उलट गाडी पकडली.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, दोन हजार अकराच्या मे महिन्यात, अखेर मी गेले. घर तेच होतं, वर पत्र्याच्या जागी स्लॅब. इकबालने दार उघडलं. त्याचे केस पांढरे झाले होते आणि बापासारखाच तो पांढऱ्या सदऱ्यात होता.

“आई?” मी विचारलं.

“गेली, बाई. जानेवारीत. तुम्हाला कळवायचं मनात होतं. पत्ता गावला नाही.”

मी ओट्यावर बसले. त्याने पाणी आणलं. पाण्याचा तांब्या मी हातातच धरला आणि त्याला सगळं सांगितलं. रांगेचं, एका शब्दाचं, पर्समधल्या पत्राचं, हिरव्या कापडाचं. उपळेकर सरांच्या टेबलावर ते पत्र एक दिवसही नव्हतं, हे सांगितलं. आत कुणीतरी मिक्सर लावला होता, तो बंद झाला. माझं बोलणं संपलं तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं.

इकबाल उठला. तो मला घालवून देईल असं वाटलं. त्याने माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, “चारची गाडी हाय. चला.”

आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. तो माझ्या पुढे दोन पावलं होता. स्टँड म्हणजे वडाखालचा एक सिमेंटचा बाक. गाडी लांबून दिसली, तेव्हा त्याने पिशवी माझ्या हातात दिली.

“त्या आठ दिवसांत,” तो म्हणाला, “अब्बा होते तवर रोज हितंच येऊन बसायचे. सकाळची गाडी, दुपारची गाडी. आई म्हनायची, घरी चला, लोकं बघत्यात. ते म्हनायचे, त्या बाईला कळलंय. मी बघितलंय तिच्याकडं. ती कागद पाठवणार.”

गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

“बसा,” इकबाल म्हणाला. “जागा हाय.”